कॉइल वळताना तो मराठी बोलायचा

माझा मुलगा सहावीत गेला आणि मराठी बोलायचा थांबला. भांडण वगैरे काही नव्हतं. मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. इथे कुवेतमध्ये, अब्बासियातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत हेच चाललेलं, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, पण मी बोलत नसे. मी मूळची नाशिकची, इथे नर्स आहे. नवरा कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट. मुलगा इथेच वाढला, कॉलेजसाठी पुण्याला राहिला आणि परत येऊन नोकरीला लागला. येताना सिगारेटची सवय घेऊन आला.

ती सुटावी म्हणून त्याने व्हेप घेतलं, बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट. पुढे त्यातल्या तयार कॉइलवर त्याचं भागेना, म्हणून स्वतःच तार वळायला लागला. एका शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बघते तर बारीक तारेचं रीळ, इवलाले स्क्रू ड्रायव्हर, चिमटा आणि माझ्या कपाटातला कापूस.

"हा माझा कापूस आहे."

"यू हॅव अ लॉट, मॉम."

"करतोस तरी काय हे? मराठीत सांग, नाहीतर कापूस परत दे."

तो हसला आणि खरंच सांगायला लागला. अडखळत, शब्द शोधत. "ही तार गरम होते. कापसात लिक्विड असतं, त्याची वाफ होते. तार जाड, वेढे कमी, तर रेझिस्टन्स कमी. रेझिस्टन्स कमी, तर बॅटरीतून करंट जास्त. खूप जास्त झाला तर बॅटरी रागावतो."

"रागावते. ती बॅटरी."

"बॅटरी मुलगी आहे?"

"हो."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्यानंतर शुक्रवारी ड्यूटी नसली की मी त्याच्यासमोर चहा घेऊन बसायचे. तार वळताना त्याची मान खाली असायची, आणि मान खाली असली की तो मराठीत बोलायचा. ऑफिसातल्या मुदीरबद्दल, म्हणजे त्याच्या साहेबाबद्दल, पुण्यात आवडलेल्या एका मुलीबद्दल. ती मुलगी मला त्या टेबलावरच कळली.

निष्काळजी तो कधीच नव्हता. कॉइल बसवली की आधी तिचा रेझिस्टन्स मीटरवर मोजायचा, आकडा स्थिर होईपर्यंत बॅटरीला हात लावायचा नाही. जास्तीच्या बॅटऱ्या प्लास्टिकच्या डबीत. खिशात किल्ल्या किंवा नाणी टेकली तर शॉर्ट होतात, म्हणायचा. बॅटरीवरचं प्लास्टिक जरा जरी फाटलं तरी ती बाजूला ठेवायचा. त्याचं यंत्र म्हणजे नुसती धातूची नळी होती.

"यात सर्किट नाही, आई. चूक झाली तर थांबवणारं कुणी नाही."

"मग सर्किटवालं घे ना."

"मी मोजतो ना सगळं. भरलेली बॅटरी चार पॉइंट दोन व्होल्ट. त्याला रेझिस्टन्सने भागायचं. पॉइंट दोनची कॉइल केली तर एकवीस अँपिअर होतात. माझी बॅटरी वीसच देते. म्हणून मी पॉइंट तीनच्या खाली जात नाही."

जुलैत त्याच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या. ऑफिसातल्या मित्राने नव्या दोन दिल्या, वर तीस अँपिअर छापलेलं. जुन्या बॅटरीला नवं प्लास्टिक चढवून वाटेल तो आकडा छापतात, हे मला त्यानेच सांगितलं होतं. पण मित्राने दिलेली वस्तू, सीलबंद खोका. त्याने पॉइंट दोनची कॉइल केली. तिसाच्या आत एकवीस.

मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. आधी कुकरची शिट्टी दबावी तसा फुसफुसाट, मग धडाका. बाहेर आले तर तो खुर्चीत बसलेला, उजवा हात समोर धरून. खोलीभर आंबूस, घशाला झोंबणारा धूर.

भाजलं की वाहतं थंड पाणी, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलेय. पण उन्हाळ्यात इथल्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं कढत पाणी येतं. मी नळ सोडला आणि लगेच बंद केला. फ्रिजमधल्या बाटल्या काढून एकामागून एक त्याच्या हातावर ओतत राहिले. नवरा गाडी काढायला खाली धावला.

तो ओरडला नाही. पाणी पडत असताना एवढंच म्हणाला, "गणित बरोबर होतं, आई."

गणित बरोबरच होतं. बॅटरीवरचा आकडा खोटा होता.

शस्त्रक्रिया झाल्या. तर्जनीचं टोक गेलं, अंगठा आखडला. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये नवऱ्याने विचारलं, "तू बसायचीस त्याच्याजवळ? तुला हे सगळं माहीत होतं?"

"हो. बसायचे," मी म्हणाले.



घरी आल्यावर ड्रेसिंग मीच करायचे. जखम भरत होती. "आज लाली कमी दिसतेय रे," मी म्हणायचे. तो खिडकीकडे बघत म्हणायचा, "थँक यू, मॉम." रोज. माझे पेशंटही मला इतकं अदबीनं थँक यू म्हणत नाहीत. एकदा मी मुद्दाम विचारलं, "ती पुण्याची मुलगी काय म्हणते?" तो म्हणाला, "व्हॉट गर्ल?" मला वाटलं चेष्टा करतोय. चेहऱ्याकडे बघितलं तर नव्हता करत.

मित्राशी तो भांडला नाही. बापावर चिडला नाही. टेबलावरचं सामान नवऱ्याने एका पिशवीत भरून कुठेतरी नेलं, तेव्हाही त्याला अडवलं नाही. मला वाटतं, मला सांगत सांगत केलेली गोष्ट अशी उलटली, याची त्याला लाज वाटत असावी. विचारायचं तर कोणत्या भाषेत विचारू, हेही मला कळेना.

पुढच्या वर्षी त्याला कॅनडात नोकरी लागली. एअरपोर्टवर जॅकेटची चेन लावायला मी हात पुढे केला. "आय कॅन डू इट, मॉम." डाव्या हाताने, खालचं टोक उजव्या तळव्याने पोटाशी दाबून, त्याने ती लावली. बराच वेळ लागला. मागची माणसं पुढे गेली. मी तिथेच उभी होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग तो आत गेला.

फोन येतो. बापाशी गाडीचं, बर्फाचं बोलतो. मी विचारते, "हात दुखतो का रे थंडीत?"

"इट्स फाइन," तो म्हणतो.