बाहेर गेलेला पत्ता
राइस मिलकडून उकडलेल्या धानाचा वास आला की मुर्री गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरमध्ये सहकाऱ्याने केलेल्या बदलाने प्रोग्राम भलताच वेगात धावत होता, आणि मला तोच वेग खटकत होता. "काऊन असा टक लावून पाहून राहिला?" आईने विचारलं. म्हटलं, मेमरीतल्या वस्तूचा पत्ता फंक्शनबाहेर, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याबाहेर, गेला नसेल, तर काम संपताच कंपायलर तिची जागा दुसऱ्या वस्तूला देतो. "गेला नाही, हे त्याले सांगतलं कोनं?" मी सहकाऱ्याची ओळन् ओळ संशयाने तपासली, सगळी चोख निघाली. पत्ता लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, लिहिणाऱ्या फंक्शनने गुपचूप जपून ठेवला होता, आणि जागा दुसऱ्याला गेल्यावर त्या पत्त्यावर भलतंच सापडत होतं. हे फंक्शन काहीच ठेवत नाही, अशी नोंद कंपायलरच्या यादीत कुणीतरी केलेली होती. नोंदीपुढे नाव माझं होतं. आताही संशय आला की मी आधी तेच नाव शोधतो.