खाटकाच्या दुकानाची काच

विल्फ ऑल्डरॉइडला कुणी तोंडावर मत्सरी म्हटलं असतं, तर त्याने चहाचा कप खाली ठेवून, आवाज जराही न चढवता, आपण मत्सरी कसे नाही हे अर्धा तास समजावून सांगितलं असतं. आणि ऐकणाऱ्याची तेवढ्यातच खात्री पटली असती की हा माणूस आतून जळतोय. पण सिरिल येईपर्यंत तसं म्हणायची वेळ कुणावर आली नव्हती, कारण तोवर विल्फच्या तोडीचं तिथे कुणी नव्हतंच.

तिथे म्हणजे क्रॅगडेलला, यॉर्कशरमधल्या आमच्या गिरणीच्या गावात. चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी बारा-चौदा पोक्त माणसं जमायची आणि छोटी आगगाडी खेळायची. 'खेळायची' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, पण मला तरी दुसरा शब्द सुचत नाही. हॉलभर लाकडी फळ्या जोडून त्यांनी एक गाव उभं केलं होतं. रूळ, स्टेशन, बोगदा, कालवा, सगळं. माणसं अंगठ्याच्या पेराएवढी. आणि त्या गावात कायम एकच दिवस असायचा, मे १९५३ मधला एक शनिवार. बाहेर १९८६ चालू होतं, गिरण्यांना कुलपं लागत होती, पण फळीवर त्रेपन्न म्हणजे त्रेपन्न. चोपन्न साली आलेलं इंजिन कुणी चुकून रुळावर ठेवलं, तर त्या माणसाला वर्षभर ऐकून घ्यावं लागे.

गाड्या बाकीच्यांच्या. स्टेशनसमोरचा रस्ता मात्र विल्फचा. बावीस वर्षं त्याचाच. बेकरी, औषधवाला, चांभार, तळलेल्या मासळीचं दुकान, खाटीक, सगळं त्याने पुठ्ठ्यातून कापून काढलेलं. विल्फने तीस वर्षं टपाल वाटलं होतं, म्हणून त्याच्या प्रत्येक दाराला पत्रं टाकायची फट होती. ब्लेडचा एक घाव, नेमका दाराच्या मध्यावर. लोकांना ती दिसायची नाही. त्याला दिसायची, आणि ज्याच्या दाराला फट नाही त्याच्याकडे तो कीव केल्यासारखा बघायचा.

सप्टेंबरात सिरिल फेअरबर्न आला. विधुर माणूस, हळू बोलणारा, गळ्यात बो-टाय. पस्तीस वर्षं लीड्सच्या एका मोठ्या दुकानात काचेमागची सजावट करायचा. तिसऱ्या मंगळवारी त्याने खिशातून काड्यापेटीएवढं टोप्यांचं दुकान काढून टेबलावर ठेवलं आणि मागून बारीक दिवा लावला. काचेआड मसुरीच्या डाळीहून लहान तीन टोप्या. एकीला पीस. गल्ल्यामागे बाई. बाईच्या हातात टेप.

सगळे टेबलाभोवती गोळा झाले. विल्फने आधी दार बघितलं. फट होती. ते त्याच्या जास्तच जिव्हारी लागलं.

"विल्फ, अरे इकडे ये, बघ तरी," क्लबचा सेक्रेटरी गॉर्डन म्हणाला. "तुझ्या दुकानांत आत काही असतं का रे?"

विल्फच्या काचांमागे काळा कागद चिकटवलेला असे. बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"आत काय असायचंय? शनिवारी दुपारी बंदच असतात दुकानं."

"स्टेशनच्या घड्याळात तर सकाळचे दहा वीस झालेत," कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला. विल्फही हसला. घरी जाताना मात्र त्याने बायकोला तीनदा सांगितलं, की दिवे लावून काम झाकणारी माणसं आपण पुष्कळ पाहिलीत.

नाताळनंतर गॉर्डनने जाहीर केलं, की जुन्या फळ्या वाकल्या आहेत, नवीन मांडणी करायची. स्टेशनसमोर रस्ता एकच. विल्फ आणि सिरिल, दोघांनी पाच-पाच दुकानं आणायची. मेअखेरच्या प्रदर्शनात बाहेरचा परीक्षक ठरवेल, तो रस्ता कुणाचा. दुसऱ्याची दुकानं बोगद्याच्या पलीकडे, गॅसच्या कारखान्याशेजारी, जिथे बघणाऱ्याची मान पोचत नाही.

"परीक्षक कशाला? मतदान घ्या की. बावीस वर्षं..." विल्फ म्हणाला.

"मतदान नाहीच. परीक्षक आहे," गॉर्डन म्हणाला, आणि विषय मिटला.

आता डोरीनबद्दल. डोरीन म्हणजे विल्फची बायको. मंगळवारी चहाचं काम तिच्याकडे असे. आगगाडीत तिला काडीचा रस नव्हता, किंवा विल्फला तसं वाटत होतं. ती खाटकाची मुलगी, वडील लग्नाच्या आधीच गेलेले, एवढं विल्फला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. सिरिल चहानंतर कप पुसायला तिच्या मदतीला जाऊ लागला. बाकीचे कप तसेच टाकून जायचे, विल्फसुद्धा. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा, मधेच डोरीन हसायची. घरी ती इतकी हसत नसे. विल्फचं लक्ष ब्लेडवरून उडू लागलं, आणि एकदा बोट कापलं.

"काय बोलता एवढं?" त्याने एका रात्री जेवताना विचारलंच.

"काही नाही रे. दुकानांबद्दल."

"तुला काय कळतंय दुकानांतलं?"

डोरीनने बटाटा कापला आणि चघळला. विल्फला वाटलं, पकडली. पुढच्या मंगळवारी ती अर्धा तास आधीच निघाली. त्याला जे खुपलं ते दुकानांचं की बायकोचं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. सिरिल दोन्हीकडे हात घालतोय, एवढं मात्र त्याने पक्कं ठरवून टाकलं.

त्या क्लबात एक रीत होती. अपुरं काम रुमालाने झाकून ठेवायचं, आणि दुसऱ्याचा रुमाल कुणी उचलायचा नाही. विचारूनसुद्धा नाही. लिहिलेली नव्हती ती रीत, पण बावीस वर्षांत ती मोडलेली विल्फने पाहिली नव्हती. प्रदर्शनाच्या आधीच्या गुरुवारी, भर दुपारी, त्याने ती मोडली. हॉलची किल्ली त्याच्याकडेच असे. तो आत गेला, दार लावून घेतलं, आणि सिरिलचा रुमाल उचलला.

चार दुकानं पुरी होती आणि चांगली होती. त्याने मनातल्या मनात शिव्या घातल्या. पाचवं खाटकाचं. पाटी अजून बसायची होती, दारात कुणी उभं नव्हतं, पण काच भरलेली होती. दोरीला गाठी मारून केलेले सॉसेज, मातीची डुकराची मांडी, गोमांसाचे मोठे तुकडे, कोपऱ्यात सोललेले ससे. ठासून भरलेलं. विल्फने चष्मा पुसून सॉसेज मोजले. चोवीस.

आणि मग त्याला हसू फुटलं. मे त्रेपन्न. मांस तेव्हा रेशनवर होतं, सुटायला अजून वर्ष जायचं होतं. खाटकाच्या काचेत तेव्हा काय असायचं, तर एखादं रिकामं ताट आणि 'आज माल नाही'ची पाटी. त्याच्या स्वतःच्या खाटकाच्या दारावर तशीच पाटी होती, दुकानाच्या नावासारखीच विकतच्या छापील कागदातून कापून लावलेली. लीड्सचा हा शहाणा सजवायच्या नादात तारीखच विसरला होता.

त्याने रुमाल होता तसा घातला. त्या रात्री त्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

प्रदर्शनाच्या सकाळी मिस्टर बूथ, परीक्षक, ब्रॅडफर्डहून आले. भला माणूस, खिशात भिंग. विल्फने स्वतः त्यांना चहा नेऊन दिला, जे त्याने आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

"सिरिलचं खाटकाचं दुकान जरा नीट बघा," तो म्हणाला. "मी काही म्हणत नाही. फक्त मे त्रेपन्न लक्षात ठेवा."

"आभारी आहे," मिस्टर बूथ म्हणाले. "तीक्ष्ण नजर आहे तुमची."

मांडणीचं एक असतं. चालवणारे मागे उभे राहतात, बघणारे पुढे. मागच्याला आपल्याच गावाची पाठ दिसते, उघडा पुठ्ठा, वायरी, डिंकाचे ओघळ. समोर फक्त लोकांचे चेहरे. विल्फ दिवसभर मागे उभा होता आणि चेहऱ्यांवरूनच मोजत होता. आपल्या रस्त्यापाशी लोक किती थांबतात, सिरिलच्या किती. सिरिलच्या जास्त थांबत होते. एक म्हातारी तर गुडघ्यावर वाकून बघत बसली. "बसा, बसा," विल्फ मनात म्हणाला, "तीन वाजेपर्यंत बसा."

तीन वाजता मिस्टर बूथ समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या एका बाजूला गॉर्डन, एका बाजूला सिरिल. डोरीनही आली, एप्रन न काढताच, आणि बरोबर सिरिलच्या दुकानांसमोर उभी राहिली. छपरांच्या वरून विल्फला तिचा नुसता चेहरा दिसत होता. लग्नाच्या दिवशीही ती इतकी खुश नव्हती, असं त्याला वाटलं.

मिस्टर बूथनी भिंग लावून खूप वेळ बघितलं.

"काम अप्रतिम आहे," ते म्हणाले. "असं काम मी पाहिलेलं नाही. पण ही मांडणी एका तारखेची आहे, आणि या तारखेला इतकं मांस यॉर्कशरमधल्या कुठल्याच काचेत नव्हतं. मिस्टर ऑल्डरॉइडनी सकाळी सांगितलं नसतं, तर सॉसेज बघता बघता माझ्याही नजरेतून सुटलं असतं. मला वाईट वाटतं, पण रस्ता मिस्टर ऑल्डरॉइडना."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. सिरिलचा चेहरा पडलेला बघायला विल्फने मान वर केली, पण सिरिल त्याच्याकडे किंवा परीक्षकाकडे बघतच नव्हता. तो डोरीनकडे बघत होता.

"मला तारीख माहीत होती, साहेब," सिरिल हळूच म्हणाला. "मी यांना म्हटलंही, की रस्ता हातचा जाईल."

"मीच सांगितलं भरायला," डोरीन म्हणाली.

विल्फ मागून निघाला. फळीखालून वाकून, वायरी सांभाळत, पुढे आला. बावीस वर्षांत प्रदर्शन चालू असताना तो कधी पुढे आला नव्हता. खाटकाच्या दुकानावर आता पाटी होती. हिरव्यावर सोनेरी अक्षरं, एच. मर्गॅट्रॉइड. डोरीनचं माहेरचं नाव. दारात पट्ट्यापट्ट्यांच्या एप्रनमधला एक जाडा माणूस उभा होता, सुरी डाव्या हातात.

"दहा वर्षं बाबा त्या रिकाम्या काचेमागे उभे राहिले," डोरीन म्हणाली. ती परीक्षकाला सांगत होती, विल्फला नाही. "आधी लढाई, मग रेशन. बायका शिव्या द्यायच्या, मागच्या दाराने विकतोस म्हणायच्या. त्यांनी कधी विकलं नाही. एकोणपन्नासला गेले, काच रिकामीच होती. म्हटलं एकदा भरू या. कुठेतरी."

मिस्टर बूथनी भिंग खिशात घातलं. गॉर्डन बुटांकडे बघत होता.

"मला काय माहीत?" विल्फ म्हणाला. "पाटी नव्हती तेव्हा."

तोंडातून निघालं आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. गॉर्डनने मान वर केली. बाकीच्यांनीही केली. रुमालाखाली पाटी नव्हती, हे रुमाल उचलणाऱ्यालाच ठाऊक असणार. सिरिलने मात्र वाकून खाटकाची पाटी बोटाने सरळ केली. भांडला असता तर विल्फला सोपं गेलं असतं.

"अगं, मला सांगायचंस ना," विल्फ डोरीनला म्हणाला. "मी केलं असतं की."

"तुझ्या रस्त्यावर बावीस वर्षं खाटीक आहे, विल्फ," डोरीन म्हणाली. "मी दर मंगळवारी त्याच्यासमोरून चहा नेते. त्याचं नाव काय ठेवू, असं एकदा तरी विचारलंस?"

विल्फला ते नाव आठवेना. जे काही छापील कागदावर होतं ते.

लोक पांगू लागले. गॉर्डनने वहीत रस्ता विल्फच्या नावावर लिहिला, कारण निकाल तो निकाल. विल्फ त्या दारातल्या जाड्या माणसासमोर वाकून उभा होता. इतक्या जवळून त्याने दुसऱ्याचं काम कधी बघितलं नव्हतं. मिशा होत्या. एका कानापाशी काहीतरी होतं, पेन्सिल असावी.

"डोरीन," तो तसाच वाकून म्हणाला, "कसे होते गं ते? बोलायला वगैरे?"

डोरीनने रिकामे कप गोळा करून ट्रेमध्ये ठेवले.

"सिरिलला विचार," ती म्हणाली. "त्याला सगळं सांगून झालंय. मला परत सांगायचा कंटाळा आलाय."