तिसऱ्या सिलिंडरची उचकी

गॅरेजच्या मागच्या खोलीत मावशी सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तपासायच्या. बावीस वर्षं हेच काम. एका कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून इंजिनावर तळहात ठेवून त्याची नाडी बघायच्या.

एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी आली. पळताना छान, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. आमच्या मॅनेजरांनी लॅपटॉप जोडला. तीनदा जोडला. तिन्ही वेळा उत्तर एकच: दोष नाही. मग त्यांनी पत्राचा मसुदा केला, 'थरथर हे या मॉडेलचं वैशिष्ट्य आहे.'

पत्र टाइप होईपर्यंत मावशींनी इंजिनावर हात ठेवून बघितलं. "तिसऱ्याला उचकी लागलीय."

"लॅपटॉप तसं म्हणत नाही," मॅनेजर म्हणाले.

"त्याला हात कुठे आहेत?"

चारही इंजेक्टर काढून त्यांनी काचेच्या नळ्यांवर लावले. तीन इंजेक्टरांतून धुक्यासारखा बारीक फवारा आला. तिसरा मात्र बिघडलेल्या नळासारखा ठिबकत होता.

"धुकं असलं की प्रत्येक वेळी सारखं जळतं," मावशींनी समजावलं. "थेंब कधी जळतो, कधी अर्धवट राहतो. एक झटका जोराचा, एक मेलेला. गाडी उभी असताना पेट्रोल लागतंच जेमतेम. त्यात हा घोळ लगेच जाणवतो."

इंजेक्टर धुऊन बसवला आणि थरथर थांबली. मोठे साहेब खूश झाले. अहवालात मॅनेजरांनी लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शनाखाली.'

महिन्याभरात कंपनीकडून हुकूम आला: 'स्पर्शाद्वारे इंजिन-परीक्षण' या विषयावर प्रशिक्षण. शिकवणार मॅनेजर. हजेरी सक्तीची, मावशींनाही.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये मॅनेजरांनी बाह्या सरसावल्या, मांडून ठेवलेल्या इंजिनावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"तिसरा सिलिंडर," ते गंभीरपणे म्हणाले, "किंचित अशक्त आहे."

मावशींनी हात वर केला. "साहेब, चारही अशक्त आहेत. इंजिन चालू करायचं राहिलंय."

मागून एकजण फिसकन हसला आणि सगळा हॉल सुटला.

प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा झाली. मावशींच्या कागदावर शेरा होता, 'स्पर्शज्ञान बरं. सुधारणेला वाव.' घरी सुनेने विचारलं, "आई, पास की नापास?"

"काठावर पास," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.