न ओरडणाऱ्यांचा बाक

अन्याय झाला तो माझ्या फुईवर. कधी, तर धुळ्याच्या यात्रेतल्या शेवटच्या मंगळवारी, संध्याकाळी, मेळ्यातले दिवे लागत होते आणि माइकवरचा माणूस कुणाच्या तरी हरवलेल्या पर्सबद्दल सांगत होता तेव्हा. कुठे, तर झुलत्या नावेत, अगदी कडेच्या बाकावर. फुई बसलेली होती. पदर कमरेला खोचून, लोखंडी दांडी मांडीवर ओढून तयार होती. तेवढ्यात नाव चालवणारा ऑपरेटर चढून आला आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "मावशी, कडेला आवाज लागतो आपल्याला. तुम्ही मधी बसा, आरामात."

फुई उठली आणि मधल्या बाकावर जाऊन बसली. तिच्या जागी कॉलेजच्या दोन मुली बसवल्या. नाव हलायच्या आधीच त्यांचं किंचाळणं सुरू झालं होतं, त्यामुळे त्यांची पात्रता कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शहरातले लोक आत्या म्हणतात, आम्ही फुई. ती धुळ्यात राहते. तिच्या घरात माणसं पुष्कळ आणि सगळी प्रेमळ. इतकी प्रेमळ की फुईने सुस्कारा टाकला तर सून बीपीचं मशीन घेऊन येते. फुई खिडकीबाहेर बघत बसली तर मुलगा विचारतो, आई, काही झालं का. ती हसली तर नातवंडांना कारण हवं. त्या घरात फुईचा चेहरा म्हणजे सार्वजनिक वाचनालयातलं वर्तमानपत्र, जो येईल तो वाचून जातो. अशा बाईला झुल्याचा नाद लागला. यात्रेतली नाव, ब्रेक डान्स, आकाशपाळणा, काहीही. भजनी मंडळ तिने दोन वेळा सोडलं, हा नाद एकदाही नाही.

नावेत मधे बसणं म्हणजे काय, हे ज्यांनी ती फक्त खालून पाहिली आहे त्यांना सांगायला हवं. नावेखाली मोटरवर एक टायर फिरतो. तो नावेच्या पोटाला घासून तिला ढकलतो आणि नाव पुढेमागे झुलायला लागते. मधला बाक जवळजवळ जागच्या जागी असतो. तिथे लहान मुलांना बसवतात, आणि हातात पिशव्या असलेल्यांना. कडेचा बाक पार वर जातो, तिथे जाऊन क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. त्या थांबण्यात पोट शरीरातून सुटं होतं. झुल्यांचे जे खरे शौकीन असतात ते या एका थांबण्यासाठी येतात. बाकीचा वेळ ते त्याच्यावर वाद घालतात.

वाद घालणाऱ्यांत मीही आहे. जळगावात आमचा एक लहानसा कंपू आहे, मोबाइलवर ग्रुपसुद्धा आहे. त्यात एक बँकेतले भाऊ आहेत, ज्यांनी जगभरातल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ पाहिले आहेत आणि प्रत्यक्षात फक्त एका कोस्टरवर बसले आहेत. एक मेडिकलवाले नाना आहेत, ज्यांना प्रत्येक राइडनंतर उलटी होते आणि जे त्यावरच्या गोळ्या स्वतःच्या दुकानातून घेऊन येतात. आमचे प्रश्न मोठे असतात. पुढचा डबा चांगला की मागचा? पुढच्यात वारा आणि दृश्य, मागच्यात झटका. हात वर करायचे की दांडी धरायची? यात्रेतली नाव ही राइड म्हणून धरायची की नाही? भाऊंच्या मते नाही, कारण तिला रूळ नाहीत. नानांच्या मते हो, कारण तिच्यावर त्यांना उलटी होते.

मोठ्या पार्कात आम्ही फुईला एकदा नेलं होतं, पुण्या-मुंबईकडच्या. तिथल्या कोस्टरवर उतारावर एक कॅमेरा लपवलेला असतो आणि खाली उतरल्यावर तुमचा फोटो पडद्यावर दाखवतात. आमच्या फोटोत भाऊंचे हात वर, तोंड उघडं, चष्मा कानावरून निसटलेला. नानांचे डोळे मिटलेले. माझं तोंड इतकं उघडं की दाढेतलं सिमेंट दिसतंय. आणि आमच्या मागच्या डब्यात फुई, ताठ, तोंड मिटून, चोपड्याची एसटी फलाटाला लागायची वाट बघत असल्यासारखी. फोटो देणारी मुलगी आम्हाला म्हणाली होती की ह्या आजींना राइड आवडली नाही वाटतं. भाऊंनी तो फोटो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, फुईंना पैसे परत मिळावेत. सगळ्यांनी हसून दाखवलं, मीही.

प्रत्यक्षात फुई त्या दिवशी त्याच डब्यात परत परत बसली होती. हे फोटोत येत नाही.

तर धुळ्याला, त्या मंगळवारी, मी ऑपरेटरला गाठलं. तो भांडखोर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं, मला त्याचा सराव आहे. बसस्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहापासून नळाच्या वेळेपर्यंत सगळ्यावर मी पत्रकं काढली आहेत आणि समोरचा ओरडला की माझं काम निम्मं होतं. हा माणूस शांतपणे समजावून सांगायला लागला. नावेची ती कड मेळ्याच्या फाटकासमोर येते. लोक फाटकात उभं राहून ठरवतात, नावेत बसायचं की समोर भज्यांकडे जायचं. कडेला किंकाळी उठली की ते नावेकडे वळतात. कडेला कुणी गप्प बसलं की त्यांना वाटतं, नाव हळू आहे. म्हणून तो आधी चेहरे बघतो आणि मग जागा देतो. मावशींना तो मागच्या वर्षीपासून ओळखत होता. त्यांचा काही दोष नाही, त्यांचा आवाजच नाही, असं तो म्हणाला. मला त्याचं बोलणं पटलं, आणि त्यामुळे माझा संताप दुप्पट झाला.

म्हणजे बघा. तिकीट काढून बसलेली बाई ही गिऱ्हाईक नाही, ती जाहिरात आहे. जाहिरात नीट वाजत नसेल तर ती हलवायची. आणि हे फक्त नावेतच चालतं असं नाही, पण इथे मी नावेपुरतंच बोलेन, कारण पत्रकात एकाच मागणीवर राहायचं असतं.

जळगावला परत आल्यावर मी कंपूची बैठक बोलावली. नानांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, गोळ्यांच्या खोक्यांवर. माझा ठराव होता की त्या मेळ्यावर बहिष्कार टाकायचा. तो पडला, कारण तोच मेळा धुळ्याहून उठून आमच्या जळगावात, मेहरूणला येणार होता आणि वर्षातून एकदा येणारी नाव सोडायला कुणी तयार नव्हतं. भाऊंनी तात्त्विक बाजू मांडली. त्यांच्या मते ओरडणं हा राइडचा भागच आहे. एक ओरडला की शेजारच्याला भीती वाटते, तो ओरडला की पहिल्याची वाढते, आणि जो गप्प बसतो तो सगळ्यांची मजा कमी करतो. खरा शौकीन ओरडतोच. मग फुई कोण, असं मी विचारलं. ते म्हणाले की फुई प्रवासी आहेत.

नानांनी समेटाचा प्रयत्न केला. फुई थोडंसं ओरडल्या तर काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना सुचवलं की त्यांनीही दर गिऱ्हाइकामागे दुकानात एकदा ओरडावं, लोकांना वाटेल औषध जोरदार आहे. बैठक तिथे संपली.

पत्रक मी एकटीने काढलं. शीर्षक होतं, 'ओरडण्याची सक्ती बंद करा'. खाली मुद्दे: तिकीट काढणाऱ्याला हवा तो बाक मिळालाच पाहिजे, आनंद कसा दाखवायचा हे मालक ठरवणार नाही, दाखवायचा की नाही हेही नाही. आणि वर पार्कातला तो फोटो, फक्त फुईपुरता कापून. पत्रकाला चेहरा लागतो, नाहीतर लोक ते वडापावाखाली घेतात.

फुई तेव्हा डोळे तपासायला आमच्याकडे आली होती. तिने चष्मा लावून पत्रक लांब धरलं, जवळ धरलं.

"हाई काय लिखेल शे?"

मी वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग फोटोवर बोट ठेवून विचारलं की मन्हं तोंड कसाले छापं. म्हणजे, माझं तोंड कशाला छापलंस. मी तिला सांगितलं की अन्याय झाला तो या तोंडावर झाला, म्हणून तेच पुरावा. तिने पत्रकाची घडी करून ती चष्म्याच्या डबीत ठेवली. माझ्या आईला मात्र तिने संध्याकाळी सांगितलं की पोरगी चांगली आहे, पण तिच्या हातात कागद देत जाऊ नका.

मेळा मेहरूणला उभा राहिला त्या शनिवारी मी फाटकावर पत्रकं वाटली. आता मेळ्याचा मालक येईल, दमदाटी करेल, मग मी आवाज चढवेन, असा माझा अंदाज होता. मालक आला. उभ्या उभ्या त्याने पत्रक वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, एकदम बरोबर आहे तुमचं. घेऊन या मावशींना. कडेचा बाक त्यांचाच."

मागणी मान्य. इतक्या लवकर मान्य झालेली माझी ही पहिलीच मागणी. रस्त्याच्या खड्ड्यांवर मी अजून निवेदनं देते आहे.

रविवारी मी फुईला घेऊन गेले. फाटकापाशी पोचायच्या आत माइकवर आवाज आला की आज आपल्या मेळ्यात आली आहे ती मावशी, जी नावेत बसून ओरडत नाही, या, बघा, मावशी ओरडते का. नावेच्या खांबाला माझंच पत्रक चिकटवलेलं होतं, मुद्दे दुमडून मागे, फोटो पुढे. कुणी फुईचा हात धरून तिला वर चढवलं. कडेच्या बाकावर मधोमध बसवलं, दोन्ही बाजूंना जागा मोकळी ठेवली, दिसायला बरं म्हणून. खाली मोबाइल वर झाले. असोद्याहून मोटरसायकलवर आलेल्या काही पोरांची तर पैज लागली होती. आणि त्यांच्यात, मोबाइल वर धरून, बँकेतले भाऊ.

नाव हलली. टायर घासायला लागला. फुई वर गेली, थांबली, खाली आली. वर गेली की गर्दी गप्प व्हायची आणि तिच्या तोंडाकडे बघायची. खाली आली की हशा. ऑपरेटर खालून विचारत होता, मावशी, अजून जोरात घेऊ का. फुईचं तोंड मिटलेलंच राहिलं. नाव थांबल्यावर टाळ्या पडल्या. मालकाने तिला हार घालायचा प्रयत्न केला, तो तिने हातात घेऊन शेजारच्या बाईला दिला आणि ती मेहरूणच्या तलावाकडे तोंड करून चालायला लागली. मी मागे.

तलावाच्या काठावर ती बसली. मी तिला सांगत होते की आपण जिंकलो, तत्त्वतः जिंकलो, पद्धत चुकली असेल पण बाक मिळाला. ती पाण्याकडे बघत होती.

"आज पोट वर गयं नही," ती म्हणाली.

मला वाटलं नाव हळू चालवली. मी उठायलाच निघाले होते, भांडायला. तिने माझ्या पदराला धरून मला बसवलं.

"बठ्ठा मन्हा तोंडकडे देखी राहिनात. मी तोंड सांभाळू का पोट सांभाळू?" सगळे तिच्या तोंडाकडेच बघत होते, असं तिचं म्हणणं. मग ती म्हणाली, "पोट वर जास, ते मन्हं शे. ते त्यासले कसाले दखाडू?"

ते माझं आहे, त्यांना कशाला दाखवू. सगळ्या वादात हे कुणी बोललं नव्हतं. भाऊंनी नाही, नानांनी नाही आणि पत्रकात मीही नाही. आम्ही सगळे तिच्या तोंडावरच भांडत होतो. ऑपरेटरला ते उघडं हवं होतं, मला ते मिटलेलं छापायचं होतं.

दुसरं पत्रक काढू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नको. मी विचारलं की परत नावेत बसशील ना. ती म्हणाली, बघू, लोक विसरले तर. आणि लोक विसरणार कसे? मालकाने आता माइकवर रोज विचारायला सुरुवात केली आहे की ती मावशी कधी येणार. मधल्या काळात एक दुसरी बाई सापडली आहे, तीही ओरडत नाही, पण भाऊ म्हणतात की तिच्यात ती मजा नाही.

तेव्हा मागणी मालकाकडे नाही. त्याने सगळं मान्य केलं आहे, तो आणखी काही मान्य करेल याची मला भीती वाटते. मागणी तुमच्याकडे आहे. मेळा मेहरूणला असेल तर मेहरूणला या, उठला असेल तर तुमच्या गावात जिथे नाव लागते तिथे जा. तिकीट काढा. कडेचा बाक धरा, ऑपरेटर उठवायला आला तरी उठू नका. मोबाइल खिशात ठेवा. नाव वर जाऊन थांबली की तोंड मिटून ठेवा. भीती वाटली तर घाबरा, पण आवाज करू नका. कडेचा अख्खा बाक गप्प बसला की मग त्यातली कुठली बाई गप्प आहे हे कुणी बघणार नाही. कोपऱ्यातली एक जागा रिकामी सोडा, आणि तिथे कोण येऊन बसतंय ते वळून पाहू नका.