यंत्राचं इरलं

आपली छत्री यंत्रावर धरायची आणि आपण भिजत उभं राहायचं, ही माझ्या जोडीदाराची पद्धत. आता शेजारचा माणूस असा भिजत असताना आपण आपली छत्री डोक्यावर कशी धरणार, तुम्हीच सांगा. मग मीही माझी छत्री मिटायचो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत भिजायचो. लोणावळ्यात मला जेवढ्या सर्द्या झाल्या त्यातल्या निम्म्या तरी त्याच्या नावावर लिहायला हव्यात.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा असेल. उशिरा येतो, दुसऱ्याच्या डब्यातलं हक्कानं खातो, स्वतःचे पराक्रम स्वतःच सांगतो, आणि तरी सगळ्यांना तोच हवा असतो. मी तळेगावचा, वेळेवर येणारा, टापटिपीचा. माझी कोणी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

साठच्या दशकातली ही गोष्ट. रेल्वेत आम्ही एकाच हुद्द्यावर होतो. घाटातले रूळ तपासायला परदेशातून एक यंत्र आलं होतं. ढकलायच्या ट्रॉलीवर बसवलेली पेटी, बॅटरी, पाण्याची टाकी आणि तळहाताएवढा पडदा. माणसाला ऐकू न येणारा आवाज रुळाच्या पोटात सोडायचा. तो तळाला आपटून परत आला की पडद्यावरच्या हिरव्या रेघेच्या शेवटी एक सुळका उठायचा. त्याच्या अलीकडे दुसरा सुळका उठला तर आत चीर आहे असं समजायचं. पुढे डॉक्टर अशाच आवाजानं पोटातलं मूल पाहू लागले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं.

यंत्राच्या प्रशिक्षणात मी पहिला आलो होतो. हा शेवटच्या बाकावर झोपायचा. एवढं इथं नोंदवून ठेवतो, कारण नंतर ते कोणीच लक्षात ठेवलं नाही.

साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "हा पावसाळा दोघांनी मिळून काढा. नंतर लोणावळ्याला एकच जागा राहील." माझी बायको लोणावळ्याच्या शाळेत शिक्षिका. माझ्या बदल्यांपायी आमच्या दोन गावांत दोन चुली होत्या, त्या आता कुठे एक झाल्या होत्या. त्याचे वडील आंदर मावळात एकटे, भातशेती आणि बैल सांभाळून. शनिवारी सुटला की तो कामशेतपर्यंत गाडीनं आणि पुढे डोंगरातून चालत घरी जायचा. जागा दोघांनाही हवी होती. तिच्याविषयी आम्ही एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नाही.

पावसाळा लागला आणि यंत्र बिनसलं. पेटीत ओल शिरली, रेघ थरथरू लागली, नसलेले सुळके उठू लागले. मी माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, यंत्र कोरड्या जागी ठेवावं.

"भाऊ, कोरडी जागा आनायची कुटनं?" तो हसला. मग त्यानं पेटी उचलून गँगच्या, म्हणजे रुळावरच्या कामगारांच्या, खोपीत चुलीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि तिच्यावर तळवा टेकवून बसला. "हिचं माहेर थंड, कोरड्या मुलकातलं. आदी हिला हितली करू, मंग काम सांगू."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. डिप्लोमा झालेला माणूस, पण साहेबांसमोरही आंदर मावळचीच बोली बोलायचा, आणि साहेबांना ते आवडायचं. मी शुद्ध बोलायचो. ते कोणाला आवडायचं हे मला कळलं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. रुळावर पाण्याचा पातळ थर पसरल्याशिवाय आवाज आत शिरत नाही, आणि घाटातल्या तेलकट, काळ्या रुळावर पाणी पसरायचंच नाही. त्यानं घरून रिठे आणले आणि कुस्करून टाकीत टाकले. पहिल्या दिवशी इतके टाकले की ट्रॉली फेसानं भरली.

"सायेब, रूळ न्हाऊ घालताय व्हय?" मुकादमानं विचारलं.

"सासरी आलीया, पयली आंगूळ नगं का?" हा म्हणाला, आणि सगळी गँग खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी प्रमाण जमलं. पाण्यात साबण घालावा असं मलाही सुचलं होतं. मी तशी परवानगी मागणार होतो.

मग इरलं आलं. भातलावणीत वाकलेल्या बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं. याच्या मावशीनं खास ट्रॉलीच्या मापाचं विणलं होतं. सोमवारी सकाळी हा ते डोक्यावर घेऊन गाडीतून उतरला तेव्हा अख्खं स्टेशन बघत होतं. पण इरलं बसलं मात्र चोख. पाऊस बाहेर राहिला, पडद्यावर सावली पडली, आणि बघणाऱ्यालाही आत डोकं घालता येऊ लागलं. रुळाच्या कडेनं जाणाऱ्या एका म्हातारीनं ट्रॉलीला हातच जोडले.

"कंचा द्येव म्हनायचा ह्यो?"

"देवी हाय, मावशी. पोटातलं वळखती."

आमच्या धंद्याची रीत उलटी. वाईट सापडलं की आनंद. त्याला चिरा सापडत होत्या. माझ्या हाती ट्रॉली आली की सगळे रूळ एकदम धडधाकट होत. संध्याकाळी तो साहेबांना रंगवून सांगायचा आणि मी बाजूला उभा राहून हसरा चेहरा करायचो. मला त्याचा हेवा वाटत होता, आणि त्यात कसलीही गोडी नव्हती. त्याला एखाद्या शनिवारी ताप यावा असंही मला वाटून गेलेलं आहे.

आषाढातल्या एका सकाळी बोगद्याच्या तोंडाशी पडद्यावर मी होतो. बाहेर दाट धुकं. अलीकडे एक सुळका उठला. मी ट्रॉली मागे घेतली, पुन्हा पुढे नेली. सुळका बसला, आणि त्याच जागी पुन्हा उठला. आता जोडीदाराला हाक मारणं भाग होतं. हा म्हणणार, भाऊ, ओलीचा खेळ आहे, आणि गँग हसणार, असं मी धरूनच चाललो होतो.

त्यानं इरल्यात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग शर्टाच्या टोकानं पडदा पुसून पुन्हा पाहिलं.

"हाये, भाऊ. लय खोल हाये," तो हळू म्हणाला. "तुमी धरलीत."

त्या जागी गाड्या हळू सोडल्या, मग रूळ बदलला. यार्डात जुना रूळ मोडून पाहिला तर आत रुपयाएवढा काळा डाग होता. वरून काहीसुद्धा दिसत नव्हतं. साहेब स्वतः आले. डाग पाहून ते गंभीर झाले, आणि मग म्हणाले, "पण एवढ्या पावसात यंत्र चाललं कसं?"

झालं. कोणीतरी इरलं पुढे केलं. साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, स्वतःच्या डोक्यावर घेतलं, हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली.

"सायेब, चीर ह्यांनी धरली," तो मोठ्यानं म्हणाला.

"हो हो, छान," साहेब म्हणाले आणि विचारू लागले की पानं कोणती वापरलीत.

त्यानं माझं नाव घेतलं नसतं तर मला त्याचा सरळ राग तरी करता आला असता. त्यानं तीही सोय ठेवली नाही.

पावसाळा सरला आणि साहेबांनी दोघांना बोलावलं. मी मनात सामान बांधूनच गेलो होतो.

"राजस्थानात वाळूनं यंत्रं बंद पडतायत," ते त्याला म्हणाले. "तिकडच्या रेल्वेनं आपल्याकडून माणूस मागितलाय. यंत्राला जुळवून घेणारा हवा. तुम्ही जा. इथली घडी आता बसलीय. इथं कोणीही चालवेल."

ते कोणीही म्हणजे मी. बायकोनं शेजारीपाजारी चिक्की वाटली. मला हवं ते मिळालं होतं, आणि माझ्या वाटची चिक्की मी शेजारच्या पोराला देऊन टाकली.

तो त्या दिवशी माझा डबा उघडूनही जेवला नाही. खोपीच्या दारात बसून राहिला. "आबा एकला भात कसा लावंल?" एवढंच वडिलांविषयी बोलला. जागा मी त्याला देतो असं मी म्हणू शकत होतो का, आणि साहेबांनी ते ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. तिकडे त्यांना ‘कोणीही’ चालणार नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "इरलं न्हिऊ का, भाऊ? तितं पाऊस न्हाई, पर उन्हात पडदा दिसत न्हाई म्हंत्यात. सावली पडंल."

"न्या की. यंत्राला तिकडचं करून घ्या."

"यंत्राचं जमंल," तो म्हणाला. "माजं मला न्हाई सांगता येत."

लख्ख उन्हात तो लोणावळ्याच्या फलाटावर इरलं पाठीला लावून उभा होता. चिक्कीची पुडकी घेतलेले मुंबईकर त्याच्याकडे बघून हसत होते. इरलं डब्याच्या दारातून जाईना. त्यानं ते आडवं केलं, तिरकं केलं, शेवटी आतल्या माणसांनी ओढून घेतलं. गाडी हलली तरी तो त्यांना कामट्या सांभाळायला सांगत होता. माझ्याकडे बघायचं राहून गेलं.

पुढे त्याचे आबा वारले, जमीन चुलत्याकडे गेली, आणि तोही तिकडेच राहिला असं ऐकलं.

पुढच्या पावसाळ्यात ऑफिसनं यंत्रासाठी ताडपत्री दिली. तिच्याखाली पडद्यावर बाष्प धरायचं. त्याच्या मावशीकडून दुसरं इरलं मागवता आलं असतं. मी मागवलं नाही. मग एका सकाळी बोगद्याच्या तोंडाशी मी ताडपत्री काढली, छत्री उघडली आणि यंत्रावर धरली. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरू लागलं. गँग बघत होती. मुकादम जवळ आला.

"सायेब, छत्री तुमी घ्या," तो समजुतीनं म्हणाला. "तुमाला सोसायचं न्हाई. त्या सायबांचं येगळं हुतं."

मी छत्री होती तिथेच धरून ठेवली आणि त्याला ट्रॉली पुढे घ्यायला सांगितली.