काकूंचं बीपी कोणी मोजलंच नव्हतं

सेलूजवळच्या आमच्या गावात मी आशा कार्यकर्ती म्हणून लागले तेव्हा काम मोजकं होतं. गरोदर बायांना दवाखान्यात न्यायचं, लेकरांना लसीला बोलवायचं. मग वरच्यांच्या ध्यानात आलं, की ही बाई गावभर पायी फिरतेच आहे. तर जाता जाता थुंकीचे नमुने आणेल, अंगावरचे चट्टे पाहील, कुलरमधल्या अळ्याही शोधेल. शेवटी बीपीचं मशीन आलं. त्याच्या प्रशिक्षणात शिकवण्यापेक्षा जेवणालाच जास्त वेळ गेला.

तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी मोजायचं होतं. भाजीवाल्या काकाजींकडे गेले, तर ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं.

"काल पोलिओ पाजत होती, आज डॉक्टर झाली काय वो बाई?"

त्यांचं बीपी अगदी बरोबर निघालं. बोर्डात पहिले आल्यासारखे ते सगळ्यांकडे पाहू लागले. "पाह्यलं? वावरात राबलेलं शरीर आहे!"

वावरात पहाटे वांगी तोडायला काकू जात. काकाजी ती मोटरसायकलवर बांधून बाजारात नेत. राबणं म्हणजे तेच असावं.

"आता काकूंचं पाहू," मी म्हटलं.

"तिचं काऊन? तिले कधी साधा ताप येत नाई."

खरंच होतं. ताप यायला आधी आडवं पडावं लागतं.

काकू पदराला हात पुसत आल्या. "मले काई नाई वो माय. डोकं तेवढं दुखत राह्यते. फडकं बांधलं का बरं वाटते."

वरचा आकडा एकशे शहाण्णव आला. त्यांना थोडा वेळ शांत बसवलं, दुसऱ्या हाताचं पाहिलं. तेही तेवढंच.

"मशीन बिघडली तुही," काकाजी म्हणाले.

"मघाशी तुमच्या वेळी तर चांगली होती ना, काकाजी?"

शेजारी हसले. काकाजी हसले नाहीत. काकूंना आजच दवाखान्यात न्यायला हवं, असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, "उद्या बाजार आहे. परवा नेतो."

"मग परवापर्यंत मी इथंच बसते," म्हणत मी पायरीवर बसले. त्यांनी मला हाकललं असतं, तर मी काय करणार होते?

पण काकाजींनी गाडी काढली. आम्ही तिघं तिच्यावर बसून आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी गोळी देऊन लगेच वर्ध्याला पाठवलं. उशीर झाला असता तर अर्धांगवायू होऊ शकला असता, असं ते म्हणाले. काकूंनी विचारलं, "मेथीले पाणी कोण देईन?"

आमच्या कामाची नोंद होते त्या मोबाईलच्या ॲपने मात्र काकूंना घेतलं नाही. जन्मतारीख जुळत नव्हती. संध्याकाळी वरून फोन आला, "बाई, आज तुमचं काम शून्य दिसून राह्यलं."

तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. गोळी रोज घेतात. काकाजी चौकात सांगतात, "म्या वेळेवर नेली म्हणून वाचली." मी मान डोलावते. गावात राहायचं आहे.

पुढच्या महिन्यात काकू गल्लीतल्या चार बायांना घेऊन माझ्या दारात आल्या. "यायचंबी बीपी पाह्य वो. यायचंबी डोकं दुखते."

चौघींनाही वाटत होतं, की बाईचं डोकं दुखतंच. मी त्यांना आत बसवलं आणि पहिलीला बाही वर करायला सांगितली.