बुटक्यांचा डोंगर आणि आमचा

शाळेतल्या एका सहकाऱ्याने बुटक्यांच्या गोष्टीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. "बाई, हाई पुस्तक तुमनंच शे. डोंगरमा ऱ्हातस ते लोके." मी सातपुड्यातली. डोंगर दिसला की तो माझ्या नावावर खपवायचा, ही सपाटीवरच्यांची जुनी खोड.

पुस्तकातले दाढीवाले बुटके पिढ्यानपिढ्या डोंगर पोखरतात. सोनं काढ, हिरे काढ, आतून पार पोकळ करून टाकतात. मग ड्रॅगन येऊन त्यांना हाकलतो आणि हे गळा काढतात, आमचा डोंगर, आमचं घर! कसलं डोंबलाचं घर? घुशीलाही भिंतीचा एवढाच लळा असतो. एवढ्या पानांत एकाही बुटक्याने डोंगरापुढे मूठभर दाणे ठेवले नाहीत. मला तर ड्रॅगनच बरा वाटला. तो निदान खणत तरी नाही.

आमच्याकडे नवं पीक आधी डोंगराच्या देवाला जातं. तोवर घरात कुणी त्यातला दाणा तोंडात घालायचा नाही, आणि देवापुढे ते ठेवायचं थोरल्याने. आमच्यात थोरले माझे बा. गुडघे गेले म्हणून त्यांना मी नंदुरबारला, माझ्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं.

दिवाळीच्या आधी बाजारात नवी ज्वारी आली. मी भाकरी केली. बांनी ताट सरकवलं आणि विचारलं, डोंगराला पोचली का? नाही म्हटल्यावर, मला गावी ने, म्हणाले. माझी सहामाही परीक्षा चालू, पेपरांचे गठ्ठे पडलेले. दोन दिवस भाताचे चार घास खाऊन ते उठत राहिले. भाकरीशिवाय त्यांचं पोट भरत नाही. तिसऱ्या दिवशी मी ठोकून दिलं, भावाचा फोन आला होता, तुमचे गुडघे बघून यंदा त्यानेच तुमच्या नावाने देवाला ठेवली, पूजा झाली. बांनी लगेच विश्वास ठेवला. दोन भाकरी खाल्ल्या.

रविवारी भाऊ दारात उभा. "बांना न्यायला आलोय. नवी ज्वारी घरात तशीच पडलीय. थोरल्याचा हात लागल्याशिवाय देवाला कशी ठेवू?"

बा खिडकीशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. भावाला म्हणाले, "आता तूच ठेव. माझं तोंड उष्टं झालंय."

भाऊ एकटाच परत गेला. बुटक्यांना हाकलायला ड्रॅगन लागला. बांना पोटची पोरगी पुरली.